रानातली मुसळी रानातच राहावी म्हणून (इंदूर परिसर)

कालाकुंड · १८ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण रविवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आम्ही राजेंद्र नगरचे. बाबा रेल्वेत होते, त्यामुळे मीटर गेजच्या गाडीने पाताळपाणी, कालाकुंड ही आमची दर पावसाळ्यातली वारी. कालाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानातला कलाकंद घ्यायचा आणि घाटाच्या कडेने जमेल तेवढं चालायचं. बाबांना झाडांची नावं मराठीत आणि मालवीत दोन्ही यायची. सफेद मुसळी, जिच्या मुळ्या औषधात वापरतात, तीही त्यांनीच दाखवली. पानं गवतासारखी, पण हाताला गुळगुळीत आणि जरा मांसल. मधून एक दांडा आणि त्यावर खालून वर उमलत जाणारी पांढरी चांदण्यांसारखी फुलं. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात पानं वर येतात, जुलै-ऑगस्टमध्ये फुलं, मग बोंडं, आणि दसऱ्याच्या सुमारास सगळं पिवळं पडून जमिनीत गडप. वरून बघणाऱ्याला वाटतं, झाड मेलं. पण खाली मुळ्यांचा झुबका पुढच्या जूनची वाट बघत असतो.

चोरलच्या बाजूला सागाखाली एक उतार आहे. बावीस वर्षं मी दर श्रावणात तिथे जाते. या रविवारी गेले तर अख्खा उतार उकरलेला. आधी वाटलं रानडुकरं असतील. जवळ गेले तर प्रत्येक खड्ड्याशेजारी वरचा गड्डा पडलेला, पानांसकट, फुलांसकट. खालच्या मुळ्या तेवढ्या मोडून नेलेल्या. काही दांड्यांवरची फुलं अजून टवटवीत होती. काहींना हिरवी तिकोनी बोंडं धरली होती. एक बोंड नखाने उघडून पाहिलं. पिकलेलं बी काळं असतं. हे पांढरं, ओलसर. म्हणजे मुळ्याही गेल्या आणि बीही गेलं.

खाली ओढ्याशी एक म्हातारेबाबा आणि त्यांचा दहा-बारा वर्षांचा नातू मुळ्या धुत बसले होते. माझा पारा चढलेला होता, पण त्यांच्यापुढे उभी राहिले आणि बोलायचं काही सुचेना. मी एवढंच विचारलं, "बाबा, अजून दीड महिना थांबला असतात तर?" ते म्हणाले, "बाई, मी थांबीन. ही टेकडी थांबणार नाही. तीन फळ्यांची (वाड्यांची) माणसं इथे येतात. मी दसऱ्याला आलो तर मला खड्डे मिळतील."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी टाकलेले गड्डे गोळा करायला लागले. नातू आपणहून मदतीला आला. ज्यांच्यावर डोळा शाबूत होता आणि मुळीचा तुकडा शिल्लक होता असे ३१ निघाले. ते आम्ही त्याच खड्ड्यांत परत लावले, माती दाबली. पोराने प्रत्येकाशेजारी एकेक पांढरा खडा ठेवला, म्हणजे पुन्हा कुणी खणणार नाही म्हणे.

इथे वैद्य आहेत, वनस्पतिशास्त्र शिकवलेले आहेत, सियागंजच्या घाऊक बाजारात उलाढाल असलेले आहेत. मला खरंच विचारायचं आहे, अशा उतारासाठी आपण काय करू शकतो?

निंबोणी · १८ ऑगस्ट

वाचून पोटात कालवलं ताई. मला यायचं आहे बघायला. जागेचं लोकेशन टाकाल का? फोटोही टाका ना, मुलांना दाखवीन.

कालाकुंड · १८ ऑगस्ट

निंबोणी, रागावू नकोस, पण जागा इथे लिहिणार नाही. फोटोही काढले आहेत, पण मागे टेकडीची कड दिसते आणि ओळखणारा ओळखतो. असल्या जागांचे पत्ते उघड झाले की फुलं बघणाऱ्यांच्या आधी कुदळवाले पोचतात. नुसत्या फुलाचा जवळून काढलेला एक फोटो टाकते. तू माझ्याबरोबर ये, मी नेईन.

आर्द्रक · १९ ऑगस्ट

ताई, तुम्हाला त्या म्हाताऱ्याबाबांना जे विचारावंसं वाटलं ते आमच्या शास्त्रात लिहून ठेवलेलं आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिलाच अध्याय घ्या. कोवळ्या फांद्या आणि पानं वर्षा आणि वसंतात घ्यावीत, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, झाडाचा गाभा हेमंतात, आणि फुलं-फळं ज्याच्या त्याच्या ऋतूत. आम्ही विद्यार्थी असताना हे गुणांसाठी पाठ केलं, कारण त्या काळात त्या अंगात वीर्य (औषधी शक्ती) उतरलेलं असतं असं शिकवलं होतं. मुसळीला हा नियम लावून बघा. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तोवर बोंडं फुटून बी मातीत पडलेलं, पानं वाळलेली, सगळा रस खाली मुळीत. वैद्याला चांगलं औषध आणि रानाला पुढची पिढी, दोन्ही एकाच तारखेला. सुश्रुताच्या सूत्रस्थानात तर औषधी कुठल्या जमिनीवरची घ्यावी यावर एक सबंध अध्याय आहे. वारुळावरची, स्मशानातली घेऊ नये वगैरे. वनस्पती आणि तिची जागा यांची फारकत त्यांनी केलीच नव्हती.

आता माझ्या बाजूचं सांगतो, कारण दोष फक्त खणणाऱ्याचा नाही. मी रामबागेत पंचवीस वर्षं दवाखाना चालवतो. दशमूळ माझ्याकडे रोज लागतं. बाळंतिणीला दशमूलारिष्ट द्यायचं हे घराघरांत ठाऊक आहे. पण त्या दहात काय काय आहे? सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, सराटा ही पाच लहान. आणि बेल, शिवण, पाडळ, टेटू, ऐरण ही पाच चांगली मोठी झाडं-झुडपं, आणि त्यांचंही मूळ घ्यायचं. टेटूचं मूळ घ्यायचं म्हणजे टेटूचं झाड गेलं. हा हिशोब मी कितीतरी वर्षं केलाच नव्हता. पुडीत भरडलेलं चूर्ण येतं, त्यात झाड दिसत नाही.

देवासकर · १९ ऑगस्ट

सगळ्यांच्या भावना समजतात, पण मी शेतकरी माणूस, सरळ बोलतो. याला उत्तर शेती. आमच्या माळव्यात नीमच-मंदसौरकडे अश्वगंधा, इसबगोल शेतात पिकतात आणि नीमचच्या मंडीत पोत्यांनी विकले जातात. अश्वगंधेसाठी कुणी जंगलात जातं का? नाही. मुसळीही शेतात लावा, भाव पडेल, मग टेकडीवर चढायला कुणाला परवडणार?

पर्णपेटी · २० ऑगस्ट

देवासकर, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. लागवड हवीच, आणि अश्वगंधेचं उदाहरण चोख आहे. ती वर्षाच्या आत तयार होते, बी भरपूर येतं, हलक्या जमिनीत आणि कमी पाण्यात निघते. सगळ्याच वनस्पती अशा नाहीत.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी गोराया आणि वेद यांनी केलेली मोजणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या देशात १,१७८ प्रजातींचा औषधी म्हणून व्यापार होतो. त्यातल्या २४२ प्रजाती वर्षाला शंभर टनांहून जास्त लागतात, आणि या २४२ पैकी १७३ रानातून येतात. शंभरातल्या बहात्तर. त्यात वृक्ष आहेत, वेली आहेत, पंधरा-वीस वर्षांनी हाताशी येणाऱ्या गोष्टी आहेत. पाडळीची बाग लावून कोण शेतकरी दोन दशकं थांबेल?

मुसळीची आठवण माझ्या मनात ताजी आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी लागवडीची लाट आली तेव्हा शेतकऱ्यांना बेणं लागलं. मुसळीच्या बियांची उगवण फार कमी, म्हणून सगळ्यांना गड्डेच हवेत. ते आले कुठून? माझ्या डोळ्यांदेखत टेकड्यांवरून गोण्या भरून उतरले. शेती वाढवण्यासाठी रान रिकामं झालं.

आणखी एक. शेतात आपण एकाच चांगल्या गड्ड्याची पिलावळ वाढवतो. रानात मात्र उताराच्या वरच्या अंगाची मुसळी वेगळी, ओढ्याकाठची वेगळी. कुणी दुष्काळ काढते, कुणाला मूळकूज लागत नाही. शेतातलं वाण एखाद्या रोगाने बसलं की नवं रक्त आणायला त्या उताराकडेच जावं लागतं. शिवाय तिथे तिची माशी आहे, मातीतली बुरशी आहे, सागाची अर्धी सावली आहे. या सगळ्यातून उपटून कुंडीत किंवा बियाण्याच्या शीतगृहात ठेवलेली वनस्पती जिवंत असते, पण ती बदलायची थांबते. रानातली दर पावसाळ्यात थोडी थोडी शिकत असते.

सियागंज · २० ऑगस्ट

मी इथे फार लिहीत नाही. आजोबांपासून आमचं किराणा-जडीबुटीचं दुकान आहे, तेव्हा माझं ऐका.

ऑगस्टमधली मुसळी घेणारा व्यापारीही नुकसानीतच असतो, फक्त ते नुकसान तो खालच्या माणसावर ढकलतो. पक्की मुसळी चार-पाच किलो ओली असेल तर सोलून वाळवून किलोभर उरते, पांढरी, भरीव, मोडली तर कटकन आवाज येतो. कच्चीत नुसतं पाणी. वाळली की सुरकुतते आणि काडीसारखी होते. तिचा भाव पक्कीच्या पासंगाला पुरत नाही. तरी लोक कच्ची का आणतात? कारण ताईंना त्या म्हाताऱ्याबाबांनी जे सांगितलं ते शब्दन्‌शब्द खरं आहे. गावोगाव फिरणारा खरीददार पावसाळ्यात येतो, कारण तेव्हा घरात पैसा नसतो. सोयाबीन निघायला वेळ आहे, मजुरी थांबलेली आहे. तो हातावर पैसे ठेवतो. पैसे आज, भाव पडेल तो. जो थांबतो त्याला पैसेही मिळत नाहीत आणि मुळ्याही मिळत नाहीत.

म्हणून मला वाटतं, झाडं वाचवायची असतील तर कुणीतरी थांबण्याचे पैसे द्यायला हवेत. बाकी फलक, शपथा, वृक्षदिंड्या याने पोत्यातला माल कमी होत नाही.

आर्द्रक · २० ऑगस्ट

थांबण्याचे पैसे. हा शब्द मला फार पटला. याच्यावर मी आज रात्री चार जणांशी बोलतो.

दांडियाबाजार · २१ ऑगस्ट

बडोद्याहून. आमच्याकडे हीच कथा गुग्गुळाची झाली, आणि शेवट वाईट आहे, म्हणून तुम्ही वेळेत जागे झालात याचं बरं वाटतंय.

कच्छमध्ये मी नोकरीनिमित्त सहा वर्षं काढली. गुग्गुळाचं झुडूप अगदी साधं, काटेरी, वाकडंतिकडं. वर्षातले बरेच महिने पानंच नसतात. सालीचे कागदासारखे पापुद्रे निघतात. सालीला हलकी खाच दिली तर थोडा चीक येतो आणि झाड जगतं. पण जास्त चीक यावा म्हणून खाच खोल करतात, त्यात लेप भरतात. त्या हंगामात चीक भरपूर मिळतो आणि पुढच्या हंगामात झाड वाळून उभं असतं. मी असं एक झुडूप हाताने हलवून पाहिलं होतं, चिपाडासारखं मोडलं. २०१५ मध्ये जागतिक लाल यादीत गुग्गुळ 'अति संकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. आज आपल्या गोळ्यांतला बराचसा गुग्गुळ बाहेरच्या देशांतून येतो.

लष्करकर · २१ ऑगस्ट

दांडियाबाजार, गुग्गुळ आमच्याही शेजारचा आहे. ग्वाल्हेरहून मुरैना-भिंडकडे निघालं की चंबळच्या दऱ्यांत तो दिसायचा. त्या दऱ्यांना लोक पडीक समजतात आणि सपाट करून शेत काढतात, तेव्हा गुग्गुळाला कुणी कुऱ्हाड लावायचीही गरज पडत नाही, ट्रॅक्टरच पुरतो. जागा वाचवणं हा मुद्दा म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो. झाड तोडू नका म्हणताना त्याच्या पायाखालची जमीन आपण "निकामी" ठरवून टाकतो.

ताई, तुमच्या जनापावच्या डोंगरावर उगम पावलेली चंबळच आमच्याकडे येऊन या दऱ्या कोरते, हेही लिहिताना आठवलं.

निंबोणी · २२ ऑगस्ट

मग सरकारने सरळ बंदी का नाही घालत? रानातून एकही मूळ बाहेर काढायचं नाही, पकडला की दंड.

झाबुआफेरी · २२ ऑगस्ट

निंबोणीताई, तुमचा राग खरा आहे. पण बंदीने काय होतं ते मी झाबुआ-अलीराजपूरकडे पंधरा वर्षं बघतोय. माल थांबत नाही, रात्री निघतो. दिवसा खणणारा निदान निवडून खणतो, रात्रीचा माणूस हाताला येईल ते उपटतो. आणि भाव पाडायला खरीददाराला कायद्याचं निमित्त मिळतं, "पकडलं गेलं तर मी जबाबदार नाही, म्हणून अर्ध्यात दे."

शिवाय ज्यांच्यावर ही बंदी येणार त्यांच्याइतकं त्या टेकडीला कुणी ओळखत नाही. माझं जाणं-येणं असलेल्या भिल्ल गावांत मातावन असतं. देवीचं रान. तिथे कुऱ्हाड चालत नाही, पडलेली फांदीही घरी नेत नाहीत. बाहेरच्या टेकडीवर मुरुडशेंगेचं झुडूप शोधावं लागतं, मातावनात वाट अडवतं. हलमाची रीत तर तुम्ही ऐकली असेल. एकाला काम पेलत नसेल तर गाव मिळून करतं, मजुरी घेत नाही. हाथीपावाच्या टेकडीवर हजारो लोकांनी हलमा करून पाणी अडवणारे चर खणले आहेत.

एका गावात मुसळीवर बोलणं झालं. पहिल्या वर्षी सगळं फसलं, कारण टेकडी तीन फळ्यांची आणि ठरवलं एकाच फळ्याने. दुसऱ्या वर्षी तिन्ही फळ्यांचे तडवी (मुखिये) एकत्र बसले. ठरलं एवढंच, की दसऱ्याआधी कुदळ नाही, आणि गड्डा घरी न्यायचा नाही, मुळ्या घेऊन तो तिथेच पुरायचा. कुणी मोडलं तर गावजेवणाचा खर्च त्याचा. हे आमच्यासारख्या बाहेरच्याने सुचवलेलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "आवळा आपण नवमीच्या आधी उतरवत नाही, मग मुसळीला काय झालं?" त्यावरून सगळं सुचलं. आवळानवमीचा नियम त्यांच्या हाडात होता, त्यांनी तो फक्त पुढे ताणला.

पर्णपेटी · २३ ऑगस्ट

झाबुआफेरी, हे वाचून फार समाधान झालं. याला कागदाचा आधार कसा देता येईल ते सांगतो, कारण नुसता शब्द पुढच्या सरपंचापर्यंत टिकेलच असं नाही.

झाबुआ अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतं. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि मध्य प्रदेशाने त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये केले, त्यामुळे गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या मालावर, ग्रामसभेचा शब्द चालतो. चोरल-महूची बाजू त्यात नाही. पण २००६ चा वनाधिकार कायदा तिथेही आहेच. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात असते. ताई, पंचायतीत जाऊन ती मागा. त्यात मुसळीचं, कळलावीचं, शतावरीचं नाव आहे का बघा. नसेल तर समितीला सांगून लिहवून घ्या, आणि माहिती त्या म्हाताऱ्याबाबांना विचारूनच भरा. कुठली वनस्पती कुठल्या ओघळीत किती होती आणि आता किती आहे, हे त्यांच्याशिवाय कुणाला सांगता येणार?

मोठ्या पातळीवर झालेली कामंही आहेत. बंगळूरच्या एफआरएलएचटी या संस्थेने १९९३ पासून कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या वनविभागांबरोबर औषधी वनस्पतींची राखीव क्षेत्रं निवडली. प्रत्येक साधारण दोनशे हेक्टरचं, वेगवेगळ्या उंचीवरचं, वेगवेगळ्या पावसाचं. आधी तिथे तीस झाली, पुढे महाराष्ट्रातही तेरा झाली. कल्पना अशी की अख्खं जंगल राखता आलं नाही तरी प्रत्येक प्रकारच्या रानाचा एक तुकडा तरी असा असावा की जिथल्या बियांनी आजूबाजूचं भरून निघेल. आपल्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याचं पातालकोट २०१९ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. तिथले भारिया लोक त्या खोलगट दरीतल्या जडीबुटींसह पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. मी तिथे दोनदा गेलो आहे. वरच्या कड्यावरून झाडांचे शेंडे दिसतात आणि मधूनच चुलीचा धूर वर येतो. रान आणि माणूस दोन्ही एकाच कुंपणात राहू शकतात हे मला तिथे पटलं.

देवासकर · २३ ऑगस्ट

पर्णपेटी सर, बेण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. मान्य करतो. माझ्याकडे शेताच्या बांधावर दोन वाफे मुसळी आहे. ताईंच्या उतारावर लावायला शंभरेक गड्डे मी फुकट देतो. कधी आणू?

पर्णपेटी · २३ ऑगस्ट

तुमचं मन मोठं आहे, पण हे करू नका. तुमचं वाण कुठल्या भागातलं, ते आपल्याला ठाऊक नाही. शेतातला रोग त्याच्याबरोबर रानात जाऊ शकतो, आणि तिथल्या मूळ मुसळीत ते मिसळलं तर जे वाचवायला निघालो तेच पातळ होईल. उतार रिकामा दिसत असला तरी मातीत मोडक्या मुळ्या आणि मागच्या वर्षांचं बी असतं. त्याला दोन पावसाळे कुदळीशिवाय मिळू द्या. तुमचे गड्डे तुमच्याच भागातल्या शेतकऱ्यांना द्या, म्हणजे तेवढी मागणी टेकडीवरून उतरेल.

देवासकर · २३ ऑगस्ट

ठीक. माझ्या गावात आठ जण विचारत होते, त्यांना देतो.

आर्द्रक · २५ ऑगस्ट

बोललो. मी धरून पाच वैद्य तयार आहेत. वर्षाला आम्हा पाचांना जेवढी मुसळी लागते तेवढी दसऱ्यानंतर काढलेली, पक्की, सांगितलेल्या भावाने घेऊ. अर्धे पैसे आत्ता देऊ. सियागंज, तुमच्या दुकानातून हे करता येईल का? तुम्ही माल पारखून घ्या, तुमचा वाजवी नफा ठेवा. फक्त ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलेला माल परत पाठवायचा.

सियागंज · २५ ऑगस्ट

करू. वडिलांना विचारलं, ते म्हणाले आजोबा असंच करायचे, दसऱ्याच्या सोन्याबरोबर मुसळीचं पहिलं पोतं पुजायचे. मला हे माहीतच नव्हतं.

पण ॲडव्हान्स एका माणसाला देऊन भागणार नाही. झाबुआफेरीदादा म्हणाले तसं तिन्ही फळ्यांचं एकमत व्हायला हवं, नाहीतर म्हाताऱ्याबाबांना पैसे मिळतील आणि टेकडी दुसरा कुणी खणेल.

झाबुआफेरी · २५ ऑगस्ट

बरोबर. आणि वन समिती आणि बीटगार्ड यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. माल रानातून बाहेर नेताना परवानगी लागते, ती समितीच्या नावावर असू दे. नाहीतर उद्या नाक्यावर पोतं अडेल आणि दोष म्हाताऱ्याबाबांच्या माथी येईल. मी पुढच्या रविवारी इंदूरला आहे, ताईंबरोबर येतो. बोलणं मालवी-भिलीत होईल, ताईंनी फक्त बसायचं, चहा प्यायचा आणि पहिल्या बैठकीत काही मागायचं नाही.

कालाकुंड · १ सप्टेंबर

जाऊन आलो. झाबुआफेरीदादा, निंबोणी आणि मी. दोन फळ्यांची माणसं आली, तिसऱ्याची आली नाहीत. दादांनी सांगितल्याप्रमाणे मी गप्प बसले. दोन तास पाऊस, सोयाबीनवरची अळी, कुणाच्या तरी मुलीचं लग्न. मुसळीचा विषय शेवटी म्हाताऱ्याबाबांनीच काढला. त्यांनी लहानपणी बघितलेला उतार त्यांनी हाताने दाखवला, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पांढरा. कुणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, "भाव कोण देणार?" तेव्हा वैद्यांचं आणि दुकानाचं सांगितलं.

होकार मिळालेला नाही. "तिसऱ्या फळ्याशी बोलतो," एवढंच.

कालाकुंड · ९ ऑक्टोबर

तिसऱ्या फळ्याने अर्धा होकार दिला. ओढ्याच्या अलीकडचा उतार दसऱ्यापर्यंत राखला गेला, पलीकडचा गेला. पलीकडे मी मुद्दाम बघायला गेले नाही.

काल म्हाताऱ्याबाबांबरोबर काढायला गेले. पानं पिवळी पडून जमिनीवर लोळलेली, ओढली की हातात येत होती. त्यांनी कुदळ दूरवर मारली, खालून माती सैल केली आणि सगळा झुबका उचलला. मुळ्यांची साल आता तपकिरी झालेली होती. बोटाएवढ्या मुळ्या त्यांनी एकेक करून खुडल्या, तीन-चार बारक्या गड्ड्यालाच ठेवल्या आणि गड्डा परत खड्ड्यात ठेवून टाचेने माती दाबली. आजूबाजूला पडलेलं काळं बी चिमटीत धरून त्याच मातीवर टाकलं. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाले, आईने. मग कधी सोडलं? म्हणाले, ज्या वर्षी गाडी घेऊन खरीददार वर आला त्या वर्षी.

सियागंज · १५ ऑक्टोबर

माल आला. कमी आहे, पण कटकन मोडतो. ठरलेला भाव चुकता केला, वैद्यांकडे पोचवला.

पर्णपेटी · १५ ऑक्टोबर

पंचायतीतली नोंदवही मिळाली का?

कालाकुंड · १६ ऑक्टोबर

मिळाली सर. औषधी वनस्पतींच्या पानावर कडुनिंब आणि तुळस अशी दोनच नावं आहेत. समितीची पुढची बैठक दिवाळीनंतर आहे, तिला म्हाताऱ्याबाबा येणार आहेत. त्यांनी आत्तापर्यंत तोंडी ४३ नावं सांगितली, निंबोणी लिहून घेते आहे. काहींना मराठीत नावच सापडत नाहीये, ती तशीच भिलीत लिहू.

कालाकुंड · २२ जून

धागा वर काढते आहे. चोरलला मागच्या आठवड्यात पहिला पाऊस झाला. काल नातू आणि मी उतारावर गेलो. खडे सगळे जागेवर नव्हते, काही वाहून गेले होते, पण पोराला प्रत्येक जागा आठवत होती. ऑगस्टमध्ये परत लावलेल्या ३१ पैकी ११ गड्ड्यांना पानं आली आहेत. दोन-तीन पानंच, पेन्सिलीएवढी उंच. बाराव्या खड्याशी काहीच नव्हतं. पोरगा तिथे उकिडवा बसून राहिला आणि मग मला हाक मारली. खड्यापासून वीतभर खाली, पावसाने ओढून नेलेल्या मातीत, एक हिरवं टोक नुकतं वर येत होतं.